‘वारं गेलं’ हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहा

उदगीर भागात एखाद्याचा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, की घरची माणसं एकच वाक्य बोलतात : अंगावरून वारं गेलं. काही घरांत ‘लकवा मारला’ म्हणतात. सरकारी फलकावर, माहितीपत्रकात मात्र याच आजाराला ‘पक्षाघात’ किंवा ‘ब्रेन स्ट्रोक’ म्हटलेलं असतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच. उदगीरपासून लातूर ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. वाडी-तांड्यावरून आधी उदगीरला पोचायचं, मग पुढे निघायचं, यात साडेचार तासांतला किती वेळ उरतो याचा हिशेब कुणीही करावा. ‘अंगावरून वारं जाणं म्हणजेच ब्रेन स्ट्रोक’ एवढी ओळख लोकांना आधीच पटलेली असेल, तर निदान घरातून निघायला उशीर होणार नाही. म्हणून आरोग्य खात्यानं ‘वारं’ हा शब्द टाळणं सोडावं आणि फलकावर तोच पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत लिहावा.

यावर ठरलेला आक्षेप असा की हा शब्दच अज्ञानाचा आहे. आजार मेंदूचा, वाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? सरकारनंच ‘वारं गेलं’ लिहिलं तर लोकांची समजूत पक्की होईल आणि ते तेल चोळत बसतील. आक्षेपामागची काळजी खरी आहे. लकव्यावर कबुतराच्या रक्तानं मालिश करण्याचे प्रकार अजून ऐकू येतात आणि त्यात मोलाचे तास जातात. पण शब्द बदलला की समजूत बदलते, हे गृहीतक तपासून पाहायला हवं. ज्याला आपण प्रमाण शब्द मानतो तो ‘अर्धांगवायू’ काय सांगतो? अर्ध्या अंगातला वायूच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे आणि पक्षाघात तिथं वाताच्या विकारांतच मोडतो. गावातल्या म्हातारीच्या तोंडचं ‘वारं’ हे त्याच जुन्या वैद्यकाचं बोलीतलं रूप आहे. ते अडाणी आणि ‘अर्धांगवायू’ तेवढा शहाणा, हा भेद विज्ञानानं केलेला नाही, तो आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांनी केला आहे.

याहून मोठा पुरावा लसीकरणाचा आहे. ‘धनुर्वात’ या नावात वात आहेच. आजार होतो जिवाणूच्या विषानं, वाताचा त्यात काही भाग नाही. तरी आपण वर्षानुवर्षं गरोदर बायांना धनुर्वाताचं इंजेक्शन याच नावानं दिलं, आणि २०१५ मध्ये माता व नवजात बालकांमधल्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. नावातल्या वातामुळे हे काम अडलं नाही. ‘मलेरिया’चंही तसंच. इटालियन भाषेत त्याचा अर्थ खराब हवा. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात या तापाचे परजीवी दिसले ते सिकंदराबादेत, म्हणजे निजामाच्या राज्यात. उदगीरही तेव्हा त्याच राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होतं. हवेचा दोष नाही हे सिद्ध झालं, तरी जगानं नाव बदललं नाही. खुद्द ‘स्ट्रोक’ म्हणजे तरी काय? प्रहार, फटका. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला लागला तो देवाच्या हातचा तडाखा या समजुतीतून. आज न्यूरॉलॉजिस्ट तो बेधडक वापरतात आणि त्यांना कुणी देवभोळं म्हणत नाही.

वारा आणि श्वास यांचे शब्द सगळीकडेच असे चिवट असतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला ‘विंड’ आणि आपला ‘वात’ एकाच मूळ धातूतून आले, असं भाषाशास्त्र सांगतं. त्या काळच्या इंग्रजीत श्वासाला ‘ऐथ्म’ असा शब्द होता. जर्मनमधला ‘आटेम’ त्याचा सख्खा भाऊ, आणि अनेक अभ्यासक संस्कृत ‘आत्मन्’ही त्याच कुळातला मानतात. आजच्या ‘ब्रेथ’चा अर्थ तेव्हा वास, वाफ असा होता, श्वास हा अर्थ त्याला मागून चिकटला. लोक शब्द ठेवतात आणि त्यात नवा अर्थ भरतात, हेच भाषेत सतत चालत आलं आहे. ‘वारं’ या शब्दात मेंदूतली गुठळी भरायला अडचण कोणती?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वारं अनेक अर्थांचं आहे. अंगात वारं येतं तेव्हा देव येतो असं मानतात, मग घोटाळा होणार नाही का? बोलणाऱ्यांच्या मनात तो घोटाळा नसतो. अंगात वारं ‘येतं’ आणि अंगावरून वारं ‘जातं’, हा फरक लहान मूलही जाणतं. घोटाळा होतो तो ऐकणाऱ्याचा. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या सरकारी जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे लातूर-नांदेडच्या अपघात विभागात रात्री समोर येणारा निवासी डॉक्टर परराज्यातला असू शकतो, आणि पुण्या-मुंबईचा असला तरी हे शब्द त्याच्या कानावरचे असतीलच असं नाही. रुग्ण ‘वातात बडबडतोय’ म्हणजे तापात भ्रम झालाय. ‘दम लागतो’ म्हणणारा थकव्याबद्दल बोलत नसतो, त्याचं हृदय किंवा फुप्फुस तपासावं लागतं. ‘ऊर्ध्व लागला’ म्हटल्यावर एक क्षणही दवडायचा नसतो. ‘आतड्याला पीळ पडला’ हे तर वैद्यकाच्या पुस्तकातलंच निदान आहे. तिथला ‘व्हॉल्व्ह्युलस’ हा शब्द वळण्याच्या, गुंडाळण्याच्या लॅटिन क्रियापदापासूनच बनला आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेला जागा आहे. ती ‘नाव काय, गाव कोणतं’ एवढ्यावर खर्च करण्याऐवजी हे शब्द शिकवण्यात घालावी.

उदगीरनं एप्रिल २०२२ मध्ये ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्हींचा आनंद रास्तच आहे, पण माणसं जीव वाचवायला जे शब्द बोलतात त्यांना सरकारी कागदावर जागा नसेल तर तो अपुरा आहे. लातूर आणि नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आशा कार्यकर्त्यांना सोबत घेऊन या भागातल्या आजारांच्या शब्दांची एक छोटी पुस्तिका तयार करावी, तिला फार पैसा लागणार नाही. जिल्हा परिषदांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘अंगावरून वारं गेलं तर’ या शब्दांनी सुरू होणारा फलक लावावा. आणि तो लागेपर्यंत वाचकांनी एवढं करावं : घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर तेल तापवत बसू नका. माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ लिहून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा.