विमान बदललं, धावपट्टी तीच

2008 मध्ये लुफ्तान्सानं पुण्याहून फ्रँकफर्टला थेट सेवा सुरू केली. साडेसहा हजार किलोमीटरहून लांबचा पल्ला, आणि विमान मात्र लहान, एकाच मार्गिकेचं. ते जिनिव्हाची प्रिव्हॅटएअर ही कंपनी चालवत असे. आसनं मोजकी आणि बिझनेस क्लासचा वाटा मोठा. चाकण-पिंपरीतल्या कारखान्यांसाठी जर्मनीहून येणाऱ्यांचा मुंबईपासूनचा घाटरस्ता त्यामुळे टळला. तीनशे आसनांचं विमान रोज भरावं एवढे प्रवासी पुण्यात नव्हते, पण लहान विमानापुरते होते. हा हिशेब मला तेव्हा पटला होता, आजही पटतो.

डिसेंबर 2018 मध्ये प्रिव्हॅटएअरनं दिवाळखोरी जाहीर केली. आज पुण्याहून फ्रँकफर्टला थेट विमान नाही. म्हणून कल्पनाच चुकीची होती, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

फक्त बिझनेस क्लासवर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं, हे मात्र खरं. लंडन-न्यूयॉर्कसारख्या सोन्याच्या मार्गावरही मॅक्सजेट, इऑस आणि सिल्व्हरजेट या तीन कंपन्या डिसेंबर 2007 ते मे 2008 या सहा महिन्यांत बुडाल्या. इंधन महागलं, मंदी आली, आणि तोटा भरून काढायला मागच्या रांगांतला प्रवासीच नव्हता. जेटब्लूनं 2021 मध्ये त्याच मार्गावर लहान एअरबस आणली ती हा धडा घेऊन. त्यात 24 आसनं पाठ टेकून झोपता येतील अशी आणि 114 साधी. पुण्यालाही असंच मिश्रण हवं. पुढे कारखान्याचा अधिकारी, मागे जर्मनीतल्या मुलीकडे निघालेले आईवडील.

आता विमानही बदललं आहे. एअरबसचं ए321एक्सएलआर सुमारे 8,700 किलोमीटर जाऊ शकतं. आयबेरियानं नोव्हेंबर 2024 मध्ये ते माद्रिद-बोस्टन मार्गावर घातलं. अरुंद विमानाचा त्रास मी नाकारत नाही. मार्गिकेत जेवणाची गाडी आली की स्वच्छतागृहाची वाट बंद होते. पण मुंबईला जाऊन तिथे ताटकळत बसण्यापेक्षा हा त्रास कितीतरी कमी.

खरी अडचण आकाशात नाही, लोहगावातल्या पुणे विमानतळावर आहे. हवाई दलाची ती धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त धावावं लागतं. तेवढी पट्टी नसेल तर वजन कमी करायचं, म्हणजे इंधन किंवा प्रवासी खाली ठेवायचे. फ्रँकफर्टला परतणारं लुफ्तान्साचं ते विमान काही काळ वाटेत इंधनासाठी उतरत असे. नव्या विमानाची झेप मोठी, पण पूर्ण इंधन भरल्यावर त्याचं वजन 101 टनांपर्यंत जातं. धावपट्टी तोकडी राहिली तर ती झेप कागदावरच राहील.

म्हणून पुण्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि उद्योजकांनी विमान कंपन्यांकडे थेट सेवेची निवेदनं पाठवण्याआधी लोहगावच्या धावपट्टीच्या विस्तारासाठी एकत्र यावं. लहान विमानानं लांब जाण्याची युक्ती पुण्यानं एकदा अनुभवली आहे. ती परत आणायची तर जमीन आपल्याला द्यावी लागेल.