टरफले तेवढी कामगारांच्या वाट्याला!

कुडाळ परिसरातील काजू कारखान्यात काम करणारी स्त्री हातांवरून ओळखू येते. टरफलातील दाहक तेलाने बोटे काळवंडलेली असतात. मजुरी बहुधा किलोच्या हिशेबाने मिळते. असे काम थांबते तेव्हा फाटकावर सूचना लागत नाही. ‘उद्यापासून येऊ नका’ एवढा निरोप पुरतो.

हे काम का थांबले, याचे उत्तर पुष्कळदा कुडाळात नसतेच. काजूगराच्या निर्यातीत अग्रेसर असलेल्या भारताला व्हिएतनामने २००६ च्या सुमारास मागे टाकले. बाहेरचा स्वस्त गर देशात येऊ लागला. २०१९ च्या अर्थसंकल्पात केंद्राने आयात गरावरील सीमाशुल्क ४५ वरून ७० टक्के केले. निर्णय योग्यच होता. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. परदेशी मालाने येथील हातांचे काम जाते, हे शासनाने त्या दिवशी लेखी मान्य केले. मग ज्यांचे काम आधीच गेले त्यांचे काय?

कागदोपत्री व्यवस्था आहे. राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून बेकार झालेल्या विमाधारकास साहाय्य देते. २०२० मध्ये हे साहाय्य सरासरी वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आले. मर्यादा मात्र उभ्या आयुष्यात ९० दिवसांची. आता पात्रता पाहा. आधी विम्याची नोंद हवी, म्हणजे साधारणतः १० किंवा अधिक कामगारांचा कारखाना हवा. दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी आणि वर्गणीच्या ठरावीक कालखंडांत किमान ७८ दिवसांचा भरणा हवा. सात-आठ बायकांच्या शेडमध्ये हंगामापुरते काम करणारीने हे आणायचे कोठून?

दुसरे दार कामगार कायद्याचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘ले-ऑफ’च्या भरपाईसाठी ५० कामगारांची जुनीच अट कायम ठेवली. हंगामी स्वरूपाचा कारखाना तर यातून वगळलेलाच आहे. काजूचा छोटा कारखाना लहानही आणि हंगामीही! ज्याला धक्का सर्वांत आधी बसतो, तोच पात्रतेच्या उंबरठ्याबाहेर.

कोकणाला हा अनुभव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि मनीऑर्डरवर चालणाऱ्या कोकणातील असंख्य चुली थंडावल्या. पुढे १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी आला. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत. कल्पना उदात्त होती. परंतु अट अशी, की गिरणी ६ जून १९८५ नंतर रीतसर बंद झालेली असावी. गिरणी चालू राहिली आणि कामगार तेवढा बाहेर राहिला, तर त्याच्या बेकारीची दखल कोणी घ्यायची? पोटाला भूक लागते ती कलमे पाहून लागत नाही.

जागतिक व्यापाराचे गोडवे गाणाऱ्या अमेरिकेने १९६२ मध्येच व्यापारामुळे बेकार होणाऱ्यांसाठी स्वतंत्र साहाय्य योजना केली. तेथे अवघे तीन कामगारही अर्ज करू शकत. आयातीने रोजगार गेल्याचे सिद्ध झाले की भत्ता व प्रशिक्षण मिळे. नव्या अर्जांसाठी ती योजना जुलै २०२२ मध्ये थांबली, आणि त्याच देशाने ऑगस्ट २०२५ मध्ये अवघ्या वीस दिवसांत भारतीय मालावरील वाढीव शुल्क २५ वरून ५० टक्क्यांवर नेले. अमेरिकेचे अनुकरण नको. पण व्यापाराच्या निर्णयाची किंमत एकट्या कामगाराने का मोजावी, हा त्यामागचा प्रश्न मात्र खरा आहे.

शेतकऱ्याच्या काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान देण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. ते स्वागतार्हच. शेतकरी कच्च्या बीवरील आयात शुल्क वाढवा म्हणतो, तर कारखानदार स्थानिक पीक पुरत नाही म्हणून ते उतरवा म्हणतो. दोघांचीही निवेदने मंत्रालयात पोहोचतात. बी फोडणारी आणि गर सोलणारी मात्र कोणत्याच शिष्टमंडळात नसते.

यावर ‘खोटे लाभार्थी घुसतील’ असा आक्षेप येईल. त्याला उपाय आहे. ई-श्रम नोंदणी २०२१ पासून चालू आहे. तिला कारखान्यातील किलोवार मजुरीच्या वहीची जोड द्यावी आणि तालुका पातळीवर पडताळणी व्हावी. आयात गरावर जे शुल्क जमा होते, त्यातील ठरावीक हिस्सा याच उद्योगातील बेकार हातांसाठी राखावा. पात्रतेचा निकष कारखान्याचा आकार नसून गेलेले काम हा असावा.

स्वदेशी म्हणजे केवळ स्वदेशी माल नव्हे. तो माल घडवणारा स्वदेशी माणूसही त्यात येतो. सीमाशुल्काची भिंत मालासाठी उभारायची आणि माणसाला उघड्यावर सोडायचे, याला राष्ट्रहित म्हणता येणार नाही. गर बाजारात गेला, दाम तिजोरीत गेले; कुडाळच्या त्या काळवंडलेल्या बोटांत टरफले तेवढी उरावीत काय?