कूचगीताचे मूक चित्र

साहित्यकृतीवर आधारलेले चित्र स्वभावतःच दुय्यम असते, हा निवाडा समीक्षेत इतका रुळला आहे की त्याचे समर्थन करण्याची गरजही कुणाला भासत नाही. रूपवादी समीक्षक अशा चित्रातील कथा कलाबाह्य म्हणून वगळतो. राष्ट्रवादी समीक्षक त्या कथेपुरतेच चित्र पाहतो. या दोघांचे वैर जुने असले तरी एका गृहीतकावर दोघांचे एकमत आहे : चित्रकाराने कवीचेच म्हणणे रंगांत पुन्हा मांडले. फिनिश चित्रकार आल्बर्ट एडेलफेल्ट (1854–1905) याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रंगविलेले 'पोरी पलटणीचे कूच' हे चित्र या गृहीतकाची परीक्षा घेण्यास पुरेसे आहे.

चित्राचा विषय 1808–09 च्या युद्धातला. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. फेब्रुवारी 1808 मध्ये रशियन फौजा आत शिरल्या आणि स्वीडिश सैन्य भर हिवाळ्यात उत्तरेकडे मागे सरकत गेले. जुलैमध्ये लापुआ येथे पोरीच्या पलटणीने पराक्रम गाजविला. पण सप्टेंबर 1809 च्या तहाने फिनलंड झारच्या हाती गेला. या पराभवाला रूनेबेर्गने 'ध्वजाधिकारी स्टोलच्या कथा' (1848, 1860) या स्वीडिश काव्यात गौरवाचे रूप दिले. त्याच्या दुसऱ्या भागात या पलटणीचे कूचगीत येते.

हे गीत 'आम्ही' या सर्वनामावर उभे आहे, आणि या 'आम्ही'ला ते वंशावळ पुरविते. नार्वा, पोलंड, लाइपझिग, ल्यूत्सेन ही रणभूमींची नावे त्यात येतात. या सर्व लढाया स्वीडनच्या राजांच्या होत्या. परक्या राजासाठी सांडलेले रक्त येथे स्वराष्ट्राचा वारसा ठरते. ही किमया शब्दच करू शकतो. शब्दाला भूतकाळ जवळ आणता येतो आणि ऐकणाऱ्यालाही 'आम्ही'त ओढता येते.

चित्राला हे जमत नाही, आणि या असमर्थतेतच त्याचे सामर्थ्य आहे. चित्रात नार्वा नाही, ल्यूत्सेन नाही. आहे ते बर्फ आणि त्यातून चालणारी माणसे. गीतातील 'आम्ही' येथे अपरिहार्यपणे 'ते' होतात. चित्राचे नाव कूचगीताचे, पण त्यातले संगीत ऐकू येत नाही. संगीत वजा केल्यावर कूच म्हणजे काय उरते? देहांचे ओझे आणि पुढचे पाऊल. कवितेने जे झाकले, ते चित्राने उघडे केले. त्याला कवितेचा अनुवाद म्हणणे चुकीचे आहे. ते कवितेवरील भाष्य आहे.

एडेलफेल्टने रूनेबेर्गच्या या काव्यासाठी चित्रमालिकाही केली. तेव्हा त्याचा हेतू गौरवाचाच होता, असा आक्षेप येईल. हेतू मान्य केला तरी हेतू म्हणजे कृतीचा अर्थ नव्हे. शिवाय हा हेतूही सरळ नाही. स्वीडिशभाषक असलेल्या याच चित्रकाराने 1896 मध्ये झार दुसऱ्या निकोलसचे व्यक्तिचित्र रंगविले, आणि 1899 मध्ये त्याच झारच्या जाहीरनाम्याने फिनलंडच्या स्वायत्ततेवर घाला घातला. इतक्या गुंतलेल्या निष्ठांना एका राष्ट्रभावनेत बसविणे ही समीक्षेची सोय झाली, समीक्षा नव्हे.

रूपवाद्यांची सुटकाही यातून होत नाही. मर्ढेकरांच्या लयतत्त्वानुसार चालणाऱ्या आकृतींच्या पुनरावृत्तीत संवादलय दाखविता येईल. पण तीच लय गीतात उभारी देते आणि चित्रात थकवा, असे का होते, याचे उत्तर केवळ आकृतिबंधात सापडत नाही. हे कूच कोठे संपले, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. इतिहासाचे हे ज्ञान चित्राबाहेरचे नाही. ते त्याच्या लयीचाच घटक आहे.

आज ते कूचगीत फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांची सलामी म्हणून वाजते. गीताला विजय मिळाला. चित्रातली माणसे मात्र अजून बर्फातच चालत आहेत. त्यांना पाहायचे, तर समीक्षकाने आधी कानातले गीत थांबवावे लागेल.