वांग्याचे परदेशी पारपत्र

पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर भाजी पिकविण्याची हौस अलीकडे बहरली आहे. घरच्या कुंडीतली निर्विष भाजी पानात पडावी, मुलांचे हात मातीने माखावेत, यात आक्षेपार्ह काहीच नाही. प्रश्न आहे तो त्या मातीत पडणाऱ्या बियाण्याचा. झुकिनी, बेझिल, लालपिवळ्या देठांचा चार्ड आणि या साऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे जांभळ्या-पांढऱ्या छटांचे ‘रोझा बियांका’ वांगे! पुडीवर ‘वारशाचे इटालियन वाण’ एवढे छापले की सुशिक्षित मन हरखून जाते.

पण हा वारसा मूळचा कोणाचा? इटालियन माणूस वांग्याला ‘मेलान्झाना’ म्हणतो. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा माग काढत अरबी ‘बादिन्जान’, फारसी ‘बादिंगान’ असे करीत थेट संस्कृत ‘वातिंगण’पर्यंत येऊन पोहोचतात. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातून खंडोबापुढे पुन्हा येते, तेव्हाच आपल्या पानात पडते. ज्याला आपल्या पंचांगात स्थान आहे, ते परदेशी पारपत्र घेऊन आल्याशिवाय आपल्याला रुचू नये, ही आत्मविस्मृतीची परिसीमा नव्हे काय?

येथे विरोध इटलीला नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो हेही बाहेरूनच आले आणि आपण ते आपलेसे केले. उलट इटलीकडून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. पण सान मार्झानो टोमॅटोचा तेथील लोकांना एवढा अभिमान, की 1996 साली त्यांनी त्याला युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळवून दिले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आपल्याकडेही मिळाले आहे. अंगावर वाघासारखे पट्टे मिरविणारा हा घेवडा किती गच्च्यांवर दिसतो?

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण गावठी बियाणे जपण्याच्या कार्यासाठी 2020 सालच्या पद्मश्रीच्या त्या मानकरी ठरल्या. बीजमातेच्या सत्काराला टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन इटालियन पुडी फोडायची, ही विसंगती मध्यमवर्गाने तपासून पाहिली पाहिजे.

संकरित बियाण्याची पुढची पिढी मूळ गुण टिकवीत नाही. म्हणून दर हंगामाला दुकानाची पायरी चढावी लागते. गावठी वाण मात्र स्वतःला पुन्हा जन्म देते. झाडावरचे एक निरोगी वांगे न तोडता पिवळे पडू द्यावे, बी धुऊन सावलीत वाळवावे आणि राखेत घोळून ठेवावे. आजीला एवढे शास्त्र ठाऊक होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा या बियांची पुरचुंडी सवाष्णींच्या ओटीत पडली, तर ‘वाण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी सार्थ होतील. स्वदेशीचा आरंभ सभेतच व्हावा असे नाही, तो एका कुंडीतूनही होऊ शकतो.