छंदाचे कौतुक, प्रेमाची उपेक्षा

विक्रम सेठ यांच्या ‘द गोल्डन गेट’ (१९८६) या पद्यकादंबरीविषयीची चर्चा सहसा पुश्किनकडून घेतलेल्या १४ ओळींच्या कडव्यापाशी आणि अशा ५९० कडव्यांच्या कौतुकापाशी थांबते. हे कौतुक म्हणजे आशय टाळण्याची सभ्य रीत होय.

फिल आणि एड या दोन तरुणांचे प्रेम तुटते ते कोणा वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळे नव्हे. एडची कॅथलिक श्रद्धा त्यांच्या शरीरसंबंधाला पाप मानते. सामाजिक भेद येथे दाराबाहेर उभा नाही. तो प्रेमिकाच्या विवेकबुद्धीतच वस्तीला आला आहे. या प्रेमाला ‘उपकथानक’ म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी एवढेच पाहावे : जॉन आणि लिझ यांच्या, समाजाला न खटकणाऱ्या प्रेमाला जे कडवे लाभते, तेच, त्याच यमकबंधासह, फिल आणि एड यांनाही लाभते. समाज नाकारतो ती समता छंद देतो.

कोणी म्हणेल, अखेर फिल एडच्या बहिणीशी, लिझशी, विवाह करतोच ना? करतो. कथानक रूढीकडे वळते, आणि म्हणूनच छंदाने आधी दिलेली समता अधिक बोचते. मग हा छंद केवळ अलंकार कसा?

रूप आणि आशय यांच्या अद्वैताची सूत्रे वर्गात शिकवायची आणि प्रत्यक्ष कृतीसमोर अक्षरे मोजत बसायचे, ही समीक्षा नव्हे. ही हिशेबनिशी आहे.