कांद्यावाचून क्वेर्सेटिन

मिरची, हळद, डाळी यांच्या पेढीवर बसणाऱ्या अनेकांना सकाळी पोती उघडली की एकामागून एक शिंका येऊ लागतात. डोळे चुरचुरतात, काहींना धापही लागते. अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो : कांदा खा, त्यात क्वेर्सेटिन असते, ॲलर्जी बरी होते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कंदमूळ वर्ज्य आहे, तेथे हा सल्ला केवळ आहारापुरता राहत नाही. नातवाचा दमा पाहून आजीच्या मनात व्रत आणि औषध यांचे द्वंद्व उभे राहते. म्हणून या सल्ल्याचा ताळेबंद एकदा तपासलेला बरा.

ॲलर्जीचा प्रारंभ ‘मास्ट’ नावाच्या पेशींत होतो. नाक, डोळे, श्वासनलिका व त्वचा, म्हणजे जेथे शरीराचा बाहेरच्या जगाशी संबंध येतो तेथे, या पेशी पहाऱ्यावर असतात. १८७८ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्या कणांनी गच्च भरलेल्या पाहिल्या आणि खाऊन पुष्ट झालेल्या पेशी समजून त्यांना हे नाव दिले. ते कण अन्नाचे नव्हते. त्यांत हिस्टामिन साठवलेले असते. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या मास्ट पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडे बसलेली असतात. धुळीतील किंवा परागातील प्रथिन त्यांना चिकटले की पेशीत कॅल्शियम शिरते, कण बाहेर फेकले जातात आणि काही मिनिटांत नाक वाहू लागते.

क्वेर्सेटिन हे वनस्पतींतील फ्लॅव्होनॉइड वर्गाचे द्रव्य. ते नेमके हे कण फेकणे रोखते, असे १९७७ साली उंदरांच्या मास्ट पेशींवरील प्रयोगांत दिसले. पुढे ल्युटिओलिन आदी फ्लॅव्होनॉइडांतही हा गुण आढळला. सल्ल्याला आधार आहे तो इतका.

याच कुळाशी नाते सांगणाऱ्या एका औषधाची कथा मसाल्याच्या व्यापाऱ्यांना विशेष रुचेल. इजिप्तमध्ये ‘खेल्ला’ नावाची वनस्पती पूर्वीपासून औषधात वापरली जाते. ओवा, धने, जिरे, बडीशेप यांचीच ती भावकी. तिच्या वाळलेल्या फळांत खेलिन हे द्रव्य असते. फ्लॅव्होनॉइडांच्या रेणूत असते तीच क्रोमोनची चौकट त्यातही आहे. इंग्लंडमधील डॉ. रॉजर अल्टुनियन स्वतः दम्याचे रुग्ण होते. खेलिनच्या धर्तीवर बनवलेली शेकडो संयुगे त्यांनी स्वतःवरच तपासली : ॲलर्जी आणणारा अर्क श्वासातून घेऊन दमा उठवायचा आणि औषध तो किती रोखते ते मोजायचे. प्राण्यांवरील चाचण्यांत निरुपयोगी ठरणारी संयुगे माणसात उपयोगी असू शकतात, हा त्यांचा आग्रह होता. १९६५ साली त्यांच्या हाती सोडियम क्रोमोग्लायकेट लागले. मास्ट पेशींना आवरणारे हे औषध डोळ्यांच्या थेंबांच्या रूपाने आजही मिळते.

मात्र औषध वेगळे आणि ताट वेगळे. प्रयोगशाळेत पेशींवर क्वेर्सेटिनचे जे प्रमाण वापरतात, ते भरपूर कांदा खाल्ल्यानंतर रक्तात आढळणाऱ्या प्रमाणाच्या बहुधा दहापट ते शंभरपट असते. शिवाय आतडे व यकृत त्याचे रूप बदलून टाकतात, त्यामुळे रक्तात मूळ क्वेर्सेटिन जवळजवळ उरतच नाही. माणसांवरील चाचण्या थोड्या व लहान आहेत. तेव्हा कांदा न खाणाऱ्याची ॲलर्जी त्यामुळे बळावते, असे म्हणण्यास आधार नाही. आणि कांदा खाणाऱ्या घरांतही शिंका काही कमी नाहीत!

क्वेर्सेटिन ही कांद्याची मक्तेदारीही नव्हे. १०० ग्रॅम कांद्यात ते साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच शेपूत किंवा कोथिंबिरीत ५० मिलिग्रॅमच्या आसपास. अर्थात कोथिंबीर कोणी १०० ग्रॅम खात नाही, हेही हिशेबात धरावे. शेवग्याच्या पाल्यात ते चांगले असते. सालीसकट सफरचंदात आणि चहात थोडे. चातुर्मासात ज्यांचा पालेभाज्यांचा त्याग असतो, त्यांच्या ताटातील सालीच्या मुगात व्हायटेक्सिन व आयसोव्हायटेक्सिन ही निराळी फ्लॅव्होनॉइडे असतात. हे सारे आहार म्हणून उत्तम. दम्याचा फवारा किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच्या भरवशावर बंद करणे मात्र धोक्याचे आहे. पोती उघडताना नाकातोंडावर बांधलेला स्वच्छ रुमाल अधिक कामाचा. मुखवस्त्रिकेचा हेतू जीवदयेचा, या रुमालाचा स्वतःच्या श्वासाचा.

बाजारात क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलही मिळतात. रक्त पातळ करणारी वा इतर नियमित औषधे घेणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पुष्कळ कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. कांदा टाळून अशी कॅप्सूल गिळण्यापूर्वी डबीवरील बारीक अक्षरे वाचावीत. वनस्पतिजन्य कवच असल्यास बहुधा तेथे ‘एचपीएमसी’ असे लिहिलेले सापडते.