ती पांढरी छोटी गोळी

मे महिन्यात बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "रोजची औषधं कुठली?" आई म्हणाली, "बीपीची एक गोळी. पांढरी, छोटी." नाव? आम्ही तिघंही गप्प! मी रिक्षाने घरी जाऊन पाकीट आणलं. व्हेरापामिल. एका गोळीसाठी एवढी धावपळ कशाला, म्हणून मी तेव्हा वैतागले होते. नंतर वाचलं आणि मत बदललं.

नर्व्हमधला सिग्नल टोकाशी पोचला की तिथले कॅल्शियमचे दरवाजे उघडतात. कॅल्शियम आत शिरतं, असिटिलकोलीन बाहेर पडतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि स्नायू आखडतो. ऑपरेशनच्या वेळी व्हेक्युरोनियमसारखं औषध हेच रिसेप्टर अडवून स्नायू सैल करतं.

व्हेरापामिल मुख्यतः हृदय आणि रक्तवाहिन्यांमधले कॅल्शियमचे दरवाजे अडवतं. नर्व्हच्या टोकाचे दरवाजे बहुतांशी वेगळ्या प्रकारचे. शिवाय निसर्गाने फॅक्टर ऑफ सेफ्टी दणदणीत ठेवलाय. साधारण ७० ते ७५ टक्के रिसेप्टर अडेपर्यंत स्नायूचा जोर कमी झालेला दिसतच नाही. म्हणून बाबा गोळी घेऊनही जिने चढतात, पिशव्या उचलतात.

पण स्नायू सैल करताना हाच फॅक्टर मुद्दाम संपवलेला असतो. मग व्हेरापामिलचा एरवी न जाणवणारा परिणामही त्यात भर घालू शकतो आणि स्नायू जास्त वेळ सैल राहू शकतात. श्वाससुद्धा स्नायूंनीच घ्यायचा असतो! आपण बीम डिझाइन करताना प्रत्येक लोड सुटा तपासून 'सेफ' लिहितो का? सगळे लोड एकत्र धरतो. इथेही तेच.

यावर उपाय आहे, मोजणं. मनगटाशी नर्व्हला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने ४ झटके देतात आणि अंगठा किती हलतो ते पाहतात. चौथी हालचाल पहिलीच्या किमान ९० टक्के झाली, की ताकद पुरेशी परत आली असं मानतात.

मोजणं डॉक्टरांचं काम. पण नाव सांगणं आपलं. मोबाईलचा मॉडेल नंबर आपल्याला झोपेतही सांगता येतो, आईबाबांच्या गोळीचं नाव मात्र येत नाही. मला याची लाज वाटली. तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की गोळ्यांची नावं आणि डोस कागदावर लिहा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आणि हो, हे वाचून घाबरून कुणाची गोळी बंद करू नका. ती चालू ठेवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपण फक्त "पांढरी, छोटी" एवढ्यावर थांबायचं नाही.